आबांचे कान

बेडूक ओरडतायत का, असं आबांनी विचारलं तेव्हा धाकटीनं नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कडेवर चिंगी होती, दुसऱ्या हातावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, दिवस कलला होता. अशा वेळी बाईमाणसाचं लक्ष तळ्याकडे कुठून असणार, हे कुणीही मान्य केलं असतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "हो आबा. ओरडतायत की."

बांधावर उकिडवे बसलेले आबा मागे वळले. "ओरडतायत?"

"हो."

"किती?"

"पुष्कळ."

तळं गप्प होतं. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, तोसुद्धा जेवायला बोलावून यजमान घरी नसावा तसा इकडेतिकडे बघत होता. आबांनी उजव्या कानामागे हात धरला, मग डाव्या. मान तिरकी करून बराच वेळ तसेच राहिले. मग आजूबाजूला कुणी नाही हे पाहून, चोरीचं सांगावं तसं हळूच म्हणाले, "मला काहीच येत नाही गं ऐकू."

तेव्हाही तिला बोलता आलं असतं. चिंगीनं केस ओढले, एक पोलकं खाली पडलं, ती ते उचलायला वाकली. उठेपर्यंत आबा काठी टेकत घराकडे निघाले होते.

आबा म्हणजे तिचे सासरे. कालव्याच्या या अंगाला त्यांना 'बेडूकमास्तर' म्हणत. तोंडावर थट्टेनं, पाठीमागे मानानं. थंडी सरता सरता कालव्याला पाणी सुटे, शेतं भिजत, भाताची रोपं टाकायची वेळ येई. पण नेमकी कधी? लवकर टाकावी तर परतलेली थंडी कोवळ्या रोपाला मारते. उशिरा टाकावी तर दाणा भरायच्या आत कालवा बंद होतो. मधल्या त्या चार-सहा दिवसांवर वर्ष उभं असे. बाकीच्यांच्या शेतात नुसते पाट होते. बारमाही पाण्याचं तळं एकट्या आबांच्या घरामागे. पाण्याला ऊब आली की तळ्यातले नर बेडूक ओरडू लागत. आधी एक, मग दोन, मग एकेकाचा आवाज वेगळा काढता येईनासा होई. त्या संध्याकाळी आबा म्हणत, "भिजवा बियाणं." आणि दुसऱ्या सकाळी चार बांध पलीकडच्या घरांतही पोती भिजलेली असत.

"माणूस उन्हाला भुलतो," आबा म्हणायचे. "बेडूक भुलत नाही. त्याला सबंध कातडीनं कळतं."

हे वाक्य धाकटीनं लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं. त्याचा अर्थ तिला या वर्षी कळला.

त्याच्या आदल्या वर्षी चिंगी धुण्याच्या दगडावरून घसरली होती. तेव्हा ती नुकती धावायला लागलेली. तळ्याच्या त्या कोपऱ्यात पाणगवत इतकं माजलं होतं की पाणी कुठे संपतं आणि दगड कुठे लागतो ते दिसायचं नाही. धाकटी चादर पिळत होती. मागे वळून बघते तो पोरगी नाही. गवतावर नुसता एक लाल झबल्याचा फुगा. एका झेपेत तिनं ओढून काढली. पोरगी रडलीसुद्धा नाही, नाकातोंडातून पाणी काढून हसली. पण त्या दिवसापासून धाकटीला झोपेत लाल फुगा दिसायचा.

म्हणून यंदा नवऱ्यानं बांधावर मारायला तणनाशक आणलं तेव्हा ती म्हणाली, "मी मारते. तुम्ही नांगराचं बघा." पाठीवर पंप घेऊन दोन दिवसांत तिनं सगळे बांध मारले. निंदणीत जाणारे पंधरा दिवस वाचले; ते चिंगीला मिळणार होते. ड्रममध्ये कालवलेलं औषध जवळजवळ निम्मं उरलं. टाकून कसं द्यायचं? धाकटी काटकसरीची. तिनं ड्रम कलवत कलवत दगडापर्यंत नेला आणि पाणगवतावर ओतला. डब्यावर लिहिलं होतं, पंप तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावा. तिनं तीन पाण्यांनी धुतला. तळ्यातच.

आठ दिवसांत पाणगवत तांबूस होऊन बसलं. दगड मोकळा झाला. थोरली जाऊ, जिच्या तोंडून कौतुक म्हणजे वाळूतून तेल, तीही म्हणाली, "बाई, आता कसं धुणं धुवावंसं वाटतं." नवरा सगळ्यांना सांगत सुटला की आमच्या हिनं तळं साफ केलं.

मग पहाटे पाणी भरायला गेली तेव्हा दगडाजवळ दोन बेडूक उताणे दिसले. पोटं पांढरी, मांड्यांच्या आतून लालबुंद. दुसऱ्या दिवशी पाच. तिनं ते खराट्यानं गोळा करून राखेच्या ढिगात पुरले. मग ती गोठ्याच्या माळ्यावर चढली, औषधाचा रिकामा डबा शोधून काढला आणि उजेडात नेऊन पहिल्यांदा बारीक अक्षरं वाचली. पाण्याच्या साठ्याजवळ वापरू नये. खाली माशाचं चित्र, त्यावर फुली. तिला वाचता येत होतं. हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली. ज्याला वाचता येत नाही त्याला निदान 'कळलं नाही' असं म्हणता तरी येतं.

असं सगळं पोटात असताना आबांनी विचारलं होतं. प्रश्न बेडकांवरून तळ्यावर जाईल, तळ्यावरून दगडावर, दगडावरून तिच्यावर. तो वाटेतच तुटावा म्हणून ती 'हो' म्हणाली.

आबांनी त्या रात्री जेवताना सांगितलं, "भिजवा बियाणं."

"ऐकलंत तुम्ही?" थोरल्या दिरानं विचारलं.

आबांनी घास गिळला. धाकटी भात वाढत होती, तिच्याकडे न बघता म्हणाले, "ओरडतायत."

बियाणं भिजलं, पोत्यात दडपलं, तिसऱ्या दिवशी मोड आले. चिखल केलेल्या वाफ्यात दोघा भावांनी ते फेकलं. पलीकडच्या बांधावरच्या मिशीवाल्यानंही फेकलं, त्याच्या पलीकडच्या दोघांनीही. सहा-सात दिवसांत वाफ्यावर हिरवी साय धरली. लहान बाळाच्या टाळूवर जावळ असावं तशी. धाकटीला वाटलं, सुटले. थंडी गेलेलीच होती. माझ्या खोट्यानं काही बिघडलं नाही.

आणि थंडी परतली. तीन रात्री अशी पडली की सकाळी गुरांच्या नाकातून वाफा निघत होत्या. चौथ्या दिवशी वाफ्याचा रंग बदलला. आधी टोकं पिवळी झाली, मग रोपं ओल्या दोऱ्यासारखी आडवी पडली. धाकटी वाफ्याच्या कडेला बसून एक रोप उपटून बघत होती. मुळं तपकिरी, बोटात धरली की लगदा.

मिशीवाला बांधावर येऊन उभा राहिला. चांगला माणूस, पण जीभ सैल. "मास्तर," तो म्हणाला, "या वर्षी तुमच्या बेडकांनी स्वेटर घातले होते का?"

कुणी हसलं नाही. आबा कमरेवर हात ठेवून पिवळ्या वाफ्याकडे बघत होते. म्हणाले, "बेडकांचं नाही चुकलं. माझे कान गेलेत. मी न ऐकताच सांगितलं."

'हिनं ऐकलं' असं ते म्हणाले नाहीत. ती वाट बघत होती, की आता म्हणतील. नाही म्हणाले.

उरलेलं बियाणं पुन्हा भिजलं. या खेपेला दिवस थोरल्या दिरानं ठरवला. आबांना विचारायला कुणी गेलं नाही. दोन्ही पोरं वाफ्यात उतरली तेव्हा आबा गोठ्यात एका म्हशीच्या अंगावरून रिकामाच हात फिरवत होते.

घराला सवय लागायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात सगळे आबांशी ओरडून बोलू लागले. "आबा, चहा!" थोरली स्वयंपाकघरातून अशी किंचाळायची की म्हशी माना वर करत. आबा दचकत. "अगं, एवढ्या मोठ्यानं नको," म्हणत. "ऐकू येत नाही म्हणून तर!" ती म्हणे. आबांना वाटे, माणसांचं ऐकू येतं आणि बेडकांचं नाही, असं कसं? थोरला दीर म्हणाला, "होतं तसं. आधी एक आवाज जातो, मग दुसरा. विहीर आटते तशी." आबांनी मान हलवली. रोज संध्याकाळी मात्र ते बांधावर जाऊन बसत. बसणं सोडणं म्हणजे कबुली पूर्ण करणं झालं असतं.

मग हवेत खरीखुरी ऊब आली. एका संध्याकाळी आबा लगबगीनं घरात आले. धाकटी चिंगीला भरवत होती. आबांचं तोंड उजळलेलं.

"आज थोडं ऐकू आलं गं!" ते म्हणाले. "दोघा-तिघांचं. बाकीचे पण बोलत असतील ना? तुला सगळ्यांचं येतंय ना?"

धाकटीच्या हातातला घास चिंगीच्या तोंडाशी तसाच राहिला. तळ्यात दोन किंवा तीनच होते. तिनं मोजले होते.

"येतंय," ती म्हणाली.

"बघ! म्हणजे अगदीच नाही गेले."

वाचलेल्या त्या दोघा-तिघांनी आपलं काम केलं होतं. धुण्याच्या दगडाच्या कडेला, वाळक्या पाणगवताच्या काड्यांना, त्यांच्या माद्यांनी अंडी लावली. बुळबुळीत गोळ्यात काळे ठिपके. धाकटी धुणं तिथे धुवेनाशी झाली. बादल्या उचलून पाटावर जाई. पण रोज सकाळी एकदा येऊन अंडी बघून जाई. तान्ह्या बाळाचा श्वास बघायला आई उठते ना, तसं. तिसऱ्या दिवशी निम्मे ठिपके पांढरे झाले, वरून बुरशीचा कापूस आला. उरलेल्यांतून बेडूकमासे निघाले. त्यांतले काही कुशीवर पडून राहत. काहींची शेपटी मुळापाशीच वाकलेली.

"आई, हा गोल गोल का फिरतो?" चिंगीनं विचारलं. दगडावर पोट टेकून ती पाण्यात बघत होती. धाकटीनं तिचं झबलं मुठीत घट्ट धरलं होतं.

"खेळतोय."

"सरळ नाही जात?"

"नाही जात."

"मी ढकलू?" चिंगीनं बोटानं त्या वाकड्या जिवाला हळूच पुढे ढकललं. तो एक वळसा घेऊन परत तिथेच आला. चिंगीनं पुन्हा ढकललं. धाकटीनं तिला उचललं, पाटावर नेलं आणि तिचे हात साबणानं इतके चोळले की पोरगी रडायला लागली.

तळ्यात एक जुना विरोळा होता. पाण्यातला साप, बिनविषारी; घरात त्याला कुणी मारत नसे. तो आता भरदुपारी दगडावर पडलेला दिसे. बेडूक नाहीत म्हटल्यावर खाणार काय? चपटा झाला होता, अंगावर कात निम्मी निघालेली आणि निम्मी तशीच चिकटलेली, फाटक्या सदऱ्यासारखी. पेंढ्याची गंजी उपसताना तळाशी सापाची अंडी सापडली. थोरलीनं पायानं सरकवली तशी ती रिकाम्या पिशवीसारखी दबली. "यंदा काही उबणार नाही यातून," ती म्हणाली. "बरंच झालं." धाकटी पेंढा उचलून निघून गेली.

'थोडं ऐकू आलं' म्हटल्यावर घरात ठरलं की थोडे कान शिल्लक आहेत तोवर आबांना शहरात दाखवावं, मशीन बसेल. पोरं चिखलणीत अडकलेली. थोरली म्हणाली, "धाकटी जाईल. तिचं आणि आबांचं जमतं." चिंगीला थोरलीकडे ठेवून धाकटी आबांबरोबर पहिल्या गाडीनं निघाली. आबांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि कान साबणानं धुतले होते.

कान तपासणारी मुलगी विशीतली होती. "काय त्रास आजोबा?"

"बेडूक ऐकू येत नाहीत."

मुलगी हसली. तिनं आबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर गोळे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे आबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ. डोळे मिटलेले. अंगठा दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता. धाकटी बाहेरच्या बाकावर बसून तो अंगठा बघत होती. इतक्या वेळा तो दाबला गेला की तिला पुढचं कळून चुकलं.

मुलीनं कागद बाहेर काढला. आबांना बाहेर बोलावलं. "आजोबा, या वयाला असे कान मी पाहिले नाहीत. अगदी बारीक आवाज जरा कमी झालेत, तेवढं चालायचंच. मशीन कशाला?"

"आणि बेडूक?"

"बेडूक असतील तर ऐकू येतील की!" मुलगी म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. धाकटीकडे पाहिलं. जिना उतरताना त्यांनी रोजच्यासारखा तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कठडा धरला.

गाडीच्या थांब्यावर एकच बाक होता. त्यावर ऊन. दोघं दोन टोकांना बसले. समोर टायरवाल्याचं दुकान होतं, तो एक टायर पाण्यात बुडवून कुठे बुडबुडे निघतात ते बघत होता.

"ओरडत नव्हते," धाकटी म्हणाली.

आबा टायरकडे बघत राहिले.

"तळ्यात मी औषध ओतलं होतं. बांधावर मारून उरलेलं. आणि पंपही तिथेच धुतला. बेडूक मेले आबा. मी ते राखेत पुरले. आता जे दोन-तीन ऐकू येतात ते तेवढेच आहेत."

"किती ओतलंस?"

"अर्धा ड्रम."

"दगडापाशी?"

"हो."

"पोरगी घसरली होती तिथे."

"हो."

टायरवाल्याला भोक सापडलं. त्यानं त्यावर खडूनं खूण केली.

"ते समजलं," आबा म्हणाले. "पण ओरडतायत म्हणून कशाला सांगितलंस?"

याचं उत्तर तिनं कितीतरी दिवस घोटून ठेवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. "भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची."

आबांना याचं खरंच नवल वाटलं. "माझी?" ते म्हणाले. "म्हशी पण भीत नाहीत मला." त्यांनी खिशातला कागद काढला, परत ठेवला. "महिनाभर मी रोज कानात बोट घालून बघतोय," ते म्हणाले. "रात्री उशीवर घड्याळ ठेवून झोपतो. टिकटिक येते का ते ऐकायला."

गाडी आली. आबा पुढच्या सीटवर बसले, ती मागच्या.

घरी सगळे अंगणात होते. थोरल्या दिरानं चिखलाचे पाय धुता धुता विचारलं, "काय म्हणाले?"

धाकटीनं ओठ उघडले. त्याआधी आबांनी कानामागे हात धरला. "काय?"

"का-य म्ह-णा-ले?"

"गेले म्हणाले. मशीनचाही उपयोग नाही."

इतक्या सहज बोलले की धाकटीलाच क्षणभर खरं वाटलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे आबा, वय झालं." थोरलीनं चहा आणला आणि कानाशी येऊन ओरडली, "घ्या!" आबांनी मान डोलावली. बशीत थोडा चहा सांडला.

दुसऱ्या सकाळी ती गोठ्यात गेली. आबा शेण ओढत होते. "आबा, असं का केलंत?"

"तू एक खोटं बोललीस, मी एक बोललो." त्यांनी फावडं टेकलं. "हे बघ. बहिऱ्या म्हाताऱ्याला लोक हसून सोडून देतात. तुला सोडणार नाहीत. चार घरांचं बियाणं गेलंय. मला इथे राहून राहून किती राहायचंय? तुला अजून चाळीस वर्षं याच बांधांवरून जायचंय."

"मला नाही चालणार."

"चालेल. सवय होते." मग म्हणाले, "चल, तळं दाखव."

भर उन्हात दोघं दगडापाशी गेली. आबा गुडघे मोडून बसले आणि वाकड्या शेपटीचे बेडूकमासे बघत राहिले. एकाला मागचे पाय फुटले होते. एक पाय लांब, दुसरा नुसता कोंभ. आबांनी तळहातावर पाणी घेऊन तो वर उचलला, वास घेतला, परत सोडला. तळ्याचं पाणी शेतात जातं ती मोरी त्यांनी मातीनं बुजवायला घेतली. धाकटी घमेल्यानं माती देत होती.

"किती वर्षं लागतील आबा?"

"मला काय विचारतेस?" आबा म्हणाले. "मला नुसतं ऐकता येतं."

त्या दिवसापासून आबा बहिरे झाले. ऐकू येणाऱ्या माणसानं बहिरं राहणं हे फार मेहनतीचं काम आहे, हे धाकटीला रोज दिसत होतं. हाक आली की मान वळवायची नाही. विनोद झाला की हसायचं नाही, मग दुसरे हसताना बघून उशिरा हसायचं. आणि समोरच आपल्याविषयी बोलतात ते ऐकून भाताची शितं मोजत बसायचं. "खाणं मात्र बरोबर ऐकू येतं," थोरली एकदा म्हणाली, त्यांच्या ताटात आमटी वाढता वाढता. "यापुढे यांना काही विचारत जाऊ नका," नवरा म्हणाला, "उगाच 'काय काय' करत बसतात." आबा ताटातलं शीत बोटानं कडेला लावत होते.

फक्त चिंगीपुढे आबा विसरत. ती त्यांच्या मांडीवर बसून कानात काहीतरी कुजबुजे आणि आबा खुदकन हसत.

"आबांना माझं ऐकू येतं," चिंगी सगळ्यांना सांगे.

"तुझंच तेवढं येतं हो," थोरली म्हणे, आणि सगळे हसत.

धाकटी हसायची नाही. तीन वर्षांच्या पोरीला खरं माहीत होतं आणि ते खोटं ठरवलं जात होतं, तेही तिच्या आईसाठी.

दुसऱ्या खेपेची रोपं लावणीला आली. लावणीला शेजारीपाजारी पाळीपाळीनं एकमेकांकडे येत. त्या दिवशी आबांच्या खाचरात दहा-बारा माणसं ओळीत वाकलेली होती. मिशीवाला आणि त्याची बायको धाकटीच्या डाव्या अंगाला, थोरली उजव्या. गुडघाभर चिखल, पाठीवर ऊन. आबा बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडवत होते आणि ज्याच्या हातातली संपेल त्याच्यापुढे फेकत होते. नेम अजून पक्का.

"या खेपेला उशीर तो उशीरच," मिशीवाल्याची बायको म्हणाली. "दाणा भरतोय का बघायचं."

"मास्तरांना विचार ना," मिशीवाला म्हणाला. "थांब, काय विचारतेस, भिंतीला विचारल्यासारखं!" दोघं-तिघं हसले. त्याला हुरूप आला. "खरं सांगू का, बहिरा झाला त्याचं काही नाही. माणूस बहिरा होतो. पण कबूल करायचं आधी! मोठेपणा सुटेना. न ऐकता सांगितलं आणि आमच्या रोपांचा गळा दाबला. माझी बायको रडली होती त्या दिवशी."

"मी कुठे रडले?"

"रडलीस. चुलीमागे." मग तो सरळ उभा राहिला आणि बांधाकडे बघून तोंडभर हसत, गोड आवाजात म्हणाला, "होय की नाही हो मास्तर? खोटारडे आहात की नाही तुम्ही?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं. दुसरे हसताहेत ते पाहिलं आणि उशिरा, सगळ्यांच्या मागून, हसले. मान डोलावली. होय म्हणून.

धाकटीच्या हातातलं रोप चिखलात खोचायचं राहिलं. तिनं कंबर सरळ केली. ती म्हणाली, "त्यांचे कान चांगले आहेत."

कुणाला नीट कळलं नाही. थोरलीनं वाकूनच विचारलं, "काय गं?"

"आबांचे कान चांगले आहेत. बेडूक ओरडतायत असं मी सांगितलं. मी खोटं सांगितलं. बेडूक मी आधीच मारले होते, तळ्यात औषध ओतून." आवाज तिलाच नीट ऐकू येत नव्हता, पायाखालचा चिखल खेचत होता.

बांधावरून आबा म्हणाले, "काय? मला नाही ऐकू आलं."

तिनं वर पाहिलं. आबांचा हात कानामागे होता. नजर थेट तिच्यावर. अजून परत फिरता येईल, असं त्या नजरेत होतं. काही नाही म्हण, जुडी द्या म्हण, संपलं. ती इतकं स्पष्ट वाचू शकत होती.

ती ओरडली. चिंगीला हाक मारायलाही कधी एवढ्या मोठ्यानं ओरडली नव्हती. "बेडूक ओरडत नव्हते! तुम्हाला जे ऐकू येत होतं तेच खरं होतं!"

पलीकडच्या खाचरातली माणसंही सरळ झाली. नवरा औत थांबवून बघत राहिला. आबांनी कानामागचा हात खाली घेतला. मांडीवरचा चिखल पुसला. मग मिशीवाल्याकडे वळून, कुणीही न ओरडता बोलावं तशा साध्या आवाजात विचारलं, "ऐकलंस ना?"

मिशीवाल्यानं मिशीवरचा चिखल पुसला. त्याची बायको धाकटीकडे बघत होती. तिच्या हातातून रोपं एकेक करून गळत होती.

थोड्या वेळानं कुणीतरी वाकलं, मग सगळेच वाकले. लावणी थांबवून चालत नाही. मिशीवाल्याची बायको सरकली, दोन हात डावीकडे. थोरली सरकली, दोन हात उजवीकडे. धाकटीच्या दोन्ही अंगांना नुसतं पाणी राहिलं, त्यात आभाळ. एवढी जागा एकटीनं भरायची होती. ती वाकली, डावीकडे पोचली, परत येऊन उजवीकडे पोचली. हातातली रोपं संपली तेव्हा मागायची तिची हिंमत झाली नाही.

पुढ्यात थपकन जुडी पडली. चिखल तोंडावर उडाला. तिनं तो पुसला नाही, जुडी सोडली आणि लावू लागली.